आपल्या फाइल फॉरमॅटला व्हर्जन नंबर कसा द्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिशेबाचं, शाळेच्या निकालाचं, नकाशांचं किंवा छपाईच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर लिहिणारी छोटी टीम कधी ना कधी स्वतःचा फाइल फॉरमॅट तयार करते. पहिल्या दिवशी नंबराचा विचार सहसा कोणी करत नाही, कारण तेव्हा एकच आवृत्ती असते. मग फाइली ग्राहकांकडे जातात, पेन ड्राइव्हवर, ईमेलमध्ये, बॅकअपच्या डिस्कवर पसरतात. सॉफ्टवेअर अपडेट करता येतं. पाच वर्षं कपाटात पडलेल्या डिस्कवरची फाइल अपडेट करता येत नाही. खालची उत्तरं अशा टीमसाठी आहेत.

सॉफ्टवेअरला व्हर्जन नंबर आहेच. फॉरमॅटला वेगळा कशाला हवा?

कारण सॉफ्टवेअर दर महिन्याला बदलू शकतं आणि फॉरमॅट तसाच राहू शकतो. तो तसाच राहिला तर सगळ्यांचं भलं होतं.

ऑटोकॅड दर वर्षी नवं येतं, पण त्याच्या डीडब्ल्यूजी फाइलची रचना दर वर्षी बदलत नाही. फाइलच्या पहिल्या सहा बाइटमध्ये एक खूण असते. एसी१०२१ असेल तर ती २००७ ची रचना, आणि तीच २००८ नं व २००९ नंही वापरली. एसी१०२७ ही २०१३ ची रचना २०१७ पर्यंत चालली. एसी१०३२ ही २०१८ ची, आणि तिच्यानंतर ऑटोकॅडच्या कित्येक आवृत्त्या आल्या तरी तीच खूण राहिली. आर्किटेक्टच्या ऑफिसमधून साइटवरच्या इंजिनिअरला फोन जातो, ‘२००७ मध्ये सेव्ह करून पाठव,’ तेव्हा तो या रचनेबद्दल बोलत असतो. आपल्याकडे ऑटोकॅड २००८ आहे की २००९, याच्याशी त्या फाइलला देणंघेणं नसतं.

कोरलड्रॉमध्ये वेगळी परिस्थिती दिसते. फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानांत ‘१३ मध्ये सेव्ह करून दे’ हे वाक्य रोज ऐकू येतं. तेरा म्हणजे २००६ चं एक्स३. सेव्ह करताना समोर येते ती सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांची यादी, त्यामुळे एक्स३ म्हणजे १३, एक्स७ म्हणजे १७ हा हिशेब ऑपरेटरला तोंडपाठ ठेवावा लागतो. फॉरमॅटची खूण सॉफ्टवेअरच्या नावाला बांधली की तिचा भार शेवटी वापरणाऱ्याच्या डोक्यावर येतो.

म्हणून नंबर वेगळा ठेवा. सॉफ्टवेअर ६.३ वर गेलं आणि फॉरमॅट ४ वरच असला तर त्यात कमीपणा काही नाही.

हा नंबर नेमकं कोणाला काय सांगतो?

तो वाचतो तो प्रोग्राम. फाइल उघडताना प्रोग्रामला एकाच गोष्टीचा निर्णय घ्यायचा असतो: या फाइलचं मी काय करू? त्याची उत्तरं चार असू शकतात. सगळं कळतंय, बिनधास्त उघड. काही भाग अनोळखी आहे, पण तो सोडून पुढे जा. वाचायला हरकत नाही, पण सेव्ह करू नकोस. आणि चौथं, हात लावू नकोस.

बहुतेक टीम पहिल्या आणि शेवटच्या उत्तराचाच विचार करतात. खरं नुकसान तिसरं विसरल्यामुळे होतं. समजा हिशेबाच्या फाइलमध्ये तुम्ही प्रत्येक जमेपुढे यूपीआयचा संदर्भ क्रमांक ठेवायला सुरुवात केलीत. मुख्य दुकानात नवं सॉफ्टवेअर, गोदामातल्या जुन्या संगणकावर जुनं. जुना प्रोग्राम फाइल सुरळीत उघडतो, त्याला ठाऊक असलेली फील्ड वाचतो, बाकीची सोडून देतो. गोदामातला माणूस एका नावातली चूक दुरुस्त करतो आणि सेव्ह करतो. सगळे संदर्भ क्रमांक गेले. एररचा संदेश नाही, इशारा नाही. वर्षअखेरीला ताळा करायला बसल्यावर ते कळतं.

एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीनं हा प्रश्न फार नेटकेपणानं सोडवला आहे. तिच्या फाइलच्या पहिल्या शंभर बाइटच्या हेडरमध्ये, शून्यापासून मोजलं तर १८ व्या जागी लिहिण्यासाठीचा नंबर आणि १९ व्या जागी वाचण्यासाठीचा नंबर असतो. वाचण्याचा नंबर ओळखीचा पण लिहिण्याचा आपल्याला ठाऊक असलेल्यापेक्षा मोठा, तर फाइल फक्त वाचायची. वाचण्याचाच नंबर मोठा असेल तर उघडायचीच नाही. २०१० साली ३.७.० मध्ये वॉल ही नवी जर्नल पद्धत (बदल आधी वेगळ्या फाइलीत नोंदवण्याची) आली, तेव्हा ती वापरणाऱ्या फाइलींसाठी हे दोन्ही नंबर १ वरून २ वर गेले. दोन बाइटांत एवढं काम होतं.

लिनक्सच्या एक्स्ट२ ते एक्स्ट४ या फाइल सिस्टिमही हाच विचार फ्लॅगच्या तीन गटांतून मांडतात: ओळखीचा नसला तरी चालेल असा गट, ओळखीचा नसेल तर फक्त वाचा असा गट, आणि ओळखीचा नसेल तर माउंटच करू नका, म्हणजे ती डिस्क वापरायलाच घेऊ नका, असा गट.

तीन आकड्यांचं सेमँटिक व्हर्जनिंग वापरू का? लायब्ररींना तेच असतं.

लायब्ररीसाठी ते उत्तम आहे. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ते मांडलं आणि २०१३ मध्ये त्याची २.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. पण त्याचे नियम एपीआयसाठी, म्हणजे दुसऱ्या कोडनं लायब्ररी वापरण्याच्या ठरलेल्या पद्धतीसाठी, लिहिले आहेत. पहिला आकडा जुना कोड मोडणाऱ्या बदलाचा, दुसरा नव्या सोयीचा, तिसरा दुरुस्तीचा.

फाइलमध्ये तिसऱ्या आकड्याला कामच नसतं. दुरुस्ती प्रोग्रामची होते, फाइलची नाही. फॉरमॅटच्या कागदपत्रातलं वाक्य सुधारलं, उदाहरण बदललं, तर तो बदल कागदपत्राच्या आवृत्तीत नोंदवा; फाइलमधल्या बाइटांत त्याचा मागमूसही नको. तिसरा आकडा फाइलमध्ये लिहिलात की कोणीतरी प्रोग्रामर त्यावर अट लिहिणारच, आणि ४.१.२ उघडते पण ४.१.३ उघडत नाही अशी तक्रार तुमच्याकडे येईल.

दुसरी अडचण दिशेची आहे. लायब्ररी वापरणारा विचारतो, नवी लायब्ररी घेतली तर माझा जुना कोड चालेल ना? फाइलच्या बाबतीत दोन प्रश्न एकदम असतात. जुनी फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल ना, आणि नवी फाइल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये? पहिल्याचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ असलंच पाहिजे, त्यासाठी नंबरांची कसरत नको. नंबर लागतो तो दुसऱ्यासाठी.

मग तुम्ही नेमकं काय सुचवाल?

साधे पूर्णांक. टिंब नाही. आणि एकाऐवजी तीन: फाइल कोणत्या रचनेत लिहिली आहे तो नंबर, ती वाचण्यासाठी किमान कोणती रचना ठाऊक हवी तो नंबर, आणि ती बदलून सेव्ह करण्यासाठी किमान कोणती ठाऊक हवी तो नंबर.

समजा फाइलमध्ये ७, ५, ७ असे तीन नंबर आहेत. ज्या प्रोग्रामला ७ पर्यंतची रचना येते तो सगळं करेल. ६ पर्यंत येणारा फाइल दाखवेल, छापेल, पण सेव्हचं बटण बंद ठेवेल. ४ पर्यंतच येणारा नम्रपणे नकार देईल. जुन्या प्रोग्रामला भविष्याबद्दल काहीही ठाऊक असण्याची गरज नाही. दोन तुलना केल्या की निर्णय होतो. ६ ते ७ मधला बदल किती धोक्याचा, हे ठरवण्याची जबाबदारी नवा प्रोग्राम लिहिणाऱ्यावर आली, आणि ते ठरवण्याइतकी माहिती त्याच्याकडेच असते. मला ही मांडणी ‘मेजर-मायनर’पेक्षा जास्त प्रामाणिक वाटते, कारण मेजर-मायनरमध्ये सेव्ह करण्याच्या धोक्याला जागाच नाही.

एमकेव्ही व्हिडिओमागचं मात्रोस्का हे याचंच दोन नंबरांचं रूप वापरतं: एक नंबर लिहिलेल्या आवृत्तीचा, दुसरा वाचण्यासाठी लागणाऱ्या किमान आवृत्तीचा. त्रिमितीय मॉडेलसाठीच्या जीएलटीएफमध्येही व्हर्जनच्या शेजारी किमान व्हर्जन लिहिण्याची सोय आहे.

आम्हाला दोनच आकडे, मेजर आणि मायनर, ठेवायचे आहेत. चालेल का?

चालेल, जगातले निम्मे फॉरमॅट तसे चालतात. पण पहिल्याच दिवशी वाचणाऱ्यासाठी नियम लिहून ठेवा: मेजर अनोळखी असेल तर फाइल नाकारायची, मायनर मोठा असेल तर उघडायची आणि अनोळखी भाग सोडायचा. ओपनटाइप फॉन्टमधल्या टेबलांचा नियम साधारण हाच आहे. शिवाय ‘सोडायचा’ म्हणजे टाकून द्यायचा की जसाच्या तसा सांभाळून परत लिहायचा, हेही लिहा. प्रोटोकॉल बफर्स या गूगलच्या डेटा फॉरमॅटच्या तिसऱ्या पिढीनं अनोळखी फील्ड टाकून द्यायला सुरुवात केली होती, पुढे ३.५ मध्ये ती सांभाळण्याची पद्धत परत आणावी लागली.

१.९ नंतर १.१० की २.०?

टिंब वापरलंत तर हा वाद तुमच्या ऑफिसात होणार. १.१० ही १.९ च्या पुढची, पण दशांश म्हणून वाचली तर १.१ एवढीच, म्हणजे मागची. नंबर दशांश अपूर्णांक म्हणून साठवला की दहाव्या मायनर आवृत्तीला सगळे जुने प्रोग्राम गोंधळतात.

ओपनटाइपमध्ये या गोंधळाच्या खुणा अजून आहेत. काही टेबलांचा व्हर्जन नंबर ३२ बिटांचा असतो, वरचे १६ बिट पूर्णांकाचे आणि खालचे १६ अपूर्णांकाचे, असं मूळ गणित. त्या गणितानं ०.५ लिहायचं तर खालच्या भागात षोडशमान ८००० यायला हवं. पण मॅक्स-पी या टेबलाच्या ०.५ आवृत्तीत तिथे ५००० लिहितात, म्हणजे पाच हा अंक जसा दिसतो तसा. जीडीईएफ टेबलाच्या १.२ मध्ये मात्र खालचा भाग साधा २. फॉन्ट वाचणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला हे अपवाद सांभाळावे लागतात. मेजर आणि मायनर ठेवायचेच असतील तर दोन वेगळी पूर्णांक फील्ड करा, आणि मजकुरी फाइल असेल तर टिंबाच्या दोन्ही बाजू वेगळ्या तोडून पूर्णांक म्हणून वाचा.

वर्ष किंवा तारीख नंबर म्हणून दिली तर?

उबंटूसारख्या, ठरलेल्या वेळापत्रकावर निघणाऱ्या सॉफ्टवेअरला ते शोभतं. फॉरमॅटला नाही. तारखेवरून कधी बदललं ते कळतं, उघडेल की नाही ते कळत नाही. शिवाय वर्ष लिहिलं की दर वर्षी ते वाढवण्याचा मोह होतो, आणि काहीही न बदलता जुने प्रोग्राम फाइली नाकारायला लागतात.

नंबर अजिबात न ठेवता चालवणारे फॉरमॅट आहेत ना?

आहेत, आणि त्यातले काही फार दीर्घायुषी ठरले आहेत. पण त्यांनी नंबराऐवजी दुसरं काहीतरी पक्कं केलं आहे, ते पाहिल्याशिवाय त्यांचं अनुकरण करू नका.

खगोलशास्त्रातला एफआयटीएस हा १९८१ मध्ये मांडलेला फॉरमॅट. पुण्याच्या आयुकात किंवा नारायणगावजवळच्या जीएमआरटीच्या निरीक्षणांवर काम करणाऱ्यांच्या तो रोजच्या हाताखालचा आहे. त्याचा नियम असा की एकदा वैध ठरलेली एफआयटीएस फाइल कायम वैध. पुढचा कोणताही बदल जुनी फाइल बाद करू शकत नाही. जुन्या निरीक्षणांची किंमत काळाबरोबर वाढते, आणि ती पुन्हा घेता येत नाहीत. म्हणून त्या समाजानं ही शिस्त पाळली. तुमच्या टीमची अशी तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचारा.

पीएनजीची गोष्ट मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. १९९६ पासूनच्या या चित्र-फॉरमॅटच्या सुरुवातीला आठ बाइटांची ठरलेली सही आहे. तिच्यात आवृत्तीचा नंबर नाही. पुढची सगळी फाइल तुकड्यांची, आणि प्रत्येक तुकड्याला चार इंग्रजी अक्षरांचं नाव. पहिलं अक्षर कॅपिटल असेल तर तुकडा अत्यावश्यक: तो कळत नसेल तर चित्र नीट दाखवता येणार नाही असं सांगा. स्मॉल असेल तर ऐच्छिक: कळत नसेल तर सोडा. चौथ्या अक्षरावरून कळतं की चित्र बदलून सेव्ह करताना हा अनोळखी तुकडा तसाच पुढे नेणं सुरक्षित आहे की नाही. म्हणजे वर सांगितलेले निर्णय फाइलच्या प्रत्येक तुकड्यापुरते वेगळे लिहिलेले. हलती चित्रं ठेवणारे एपीएनजीचे तुकडे ऐच्छिक गटातले, त्यामुळे ते न कळणाऱ्या जुन्या प्रोग्राममध्ये स्थिर चित्र दिसतं, एवढंच. २०२५ साली हे तुकडे पीएनजीच्या तिसऱ्या अधिकृत आवृत्तीत आले, आणि फाइलच्या सुरुवातीचे आठ बाइट होते तेच राहिले.

टिफ या चित्र-फॉरमॅटच्या फाइलच्या सुरुवातीला ४२ हा आकडा असतो. टिफच्या आवृत्त्या ६.० पर्यंत गेल्या तरी तो ४२ च राहिला. ४ जीबीच्या पलीकडे जाण्यासाठी बिगटिफ आला, म्हणजे फाइलमधले पत्तेच लांब झाले आणि जुन्या प्रोग्रामला एकही गोष्ट सापडणार नव्हती, तेव्हा तो ४३ झाला. आकडा वाढवण्याचं याहून योग्य कारण सापडणं कठीण.

जेसन या मजकुरी डेटा फॉरमॅटलाही स्वतःचा नंबर नाही, कारण ते जवळजवळ गोठवलेलं आहे. पण तुमची फाइल जेसनमध्ये असेल तर तुमच्या रचनेला नंबर हवाच. ‘जेसन आहे, नवी की टाकली तर काय बिघडतं’ हे वाक्य मीटिंगमध्ये ऐकलं की गोदामातला तो संगणक आठवा.

एकाच फॉरमॅटमध्ये दोन वेगळ्या कंपन्या भर घालत असतील तर?

तर एका सरळ रेषेत वाढणारा नंबर टिकत नाही. झेडएफएस या फाइल सिस्टिमचं तेच झालं. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या काळात तिच्या पूलच्या (डिस्कांच्या एकत्रित साठ्याच्या) आवृत्त्या एकामागून एक वाढत गेल्या. ही कंपनी २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली, ओरॅकलनं मूळ कोड खुला ठेवणं थांबवलं, आणि खुल्या शाखेकडे शेवटचा समाईक नंबर राहिला २८. पुढचा २९ दोघांचा वेगवेगळा होणार होता. खुल्या शाखेनं थेट ५००० ही उडी मारली आणि त्यानंतर नंबर वाढवणंच सोडलं. आता प्रत्येक नव्या सोयीला नाव आहे, आणि पूलमध्ये त्या नावांची यादी असते.

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या रिपॉझिटरीत हाच मार्ग आहे. फॉरमॅटचा नंबर ० किंवा १. नंबर १ असेल तर एक्स्टेन्शन्सची यादी वाचायची, आणि तिच्यात एकही अनोळखी नाव असेल तर रिपॉझिटरीला हात लावायचा नाही. जीएलटीएफमध्ये दोन याद्या असतात, वापरलेल्या सोयींची आणि अत्यावश्यक सोयींची.

एकट्या टीमला या याद्यांची सहसा गरज नसते. नावं वाढत जातात आणि कोणत्या जोड्या एकत्र तपासल्या आहेत याचा ताबा सुटतो. पण तुमचा फॉरमॅट उद्या दुसरे लिहिणार असतील, तर याद्यांसाठी जागा आजच ठेवा.

सेव्ह करताना कोणता नंबर लिहायचा? आमच्या सॉफ्टवेअरला येतो तो सर्वांत नवा?

नाही. त्या फाइलला पुरेल असा सर्वांत लहान.

झिपमध्ये प्रत्येक आतल्या फाइलपाशी ‘उघडण्यासाठी लागणारी आवृत्ती’ लिहिलेली असते. नेहमीच्या पद्धतीनं आवळलेल्या फाइलला २०, म्हणजे २.०. ४ जीबीच्या वर गेली आणि झिप६४ लागलं तर ४५. आजचा नवाकोरा प्रोग्रामही छोट्या फाइलवर ४५ लिहीत नाही, म्हणून ती फाइल पंचवीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्राममध्येही उघडते. पायथनमधल्या नमपायच्या एनपीवाय फाइलीही १.० म्हणूनच लिहिल्या जातात; हेडर ६५,५३५ बाइटांपेक्षा मोठं झालं तरच २.० येतं.

यासाठी सेव्ह करणाऱ्या कोडला थोडं जास्त काम पडतं. प्रत्येक नव्या सोयीपुढे ती कोणत्या रचनेपासून आली ते नोंदवायचं, आणि फाइलमध्ये खरोखर वापरलेल्या सोयींतला सर्वांत मोठा नंबर काढायचा. एक छोटं टेबल आणि एक लूप. त्याच्या बदल्यात, नवं सॉफ्टवेअर घेतलेल्या ग्राहकाला जुन्या ग्राहकाशी फाइलींची देवाणघेवाण थांबवावी लागत नाही.

मोठा बदल करून नंबर वाढवायचा असेल तर तो पटकन करावा की टाळावा?

शक्यतो टाळा, आणि टाळण्यासाठी खरोखर मेहनत घ्या. नंबर वाढवला की जग दोन भागांत वाटलं जातं, आणि दुसऱ्या भागात कोणी येईलच याची खात्री नसते.

एक्सएमएल या मजकुरी डेटा फॉरमॅटचं १.० आलं १९९८ मध्ये. त्यात घटकांची नावं कोणत्या अक्षरांत लिहिता येतील हे तेव्हाच्या युनिकोडवरून ठरवलं होतं, त्यामुळे नंतर युनिकोडमध्ये आलेल्या लिपींना जागा नव्हती. ती चूक दुरुस्त करायला २००४ मध्ये १.१ आलं. हेतू चांगला होता, पण जुने पार्सर, म्हणजे ती फाइल वाचणारे प्रोग्राम, १.१ हा नंबर पाहूनच फाइल नाकारत, म्हणून कोणी १.१ मध्ये लिहीना. कोणी लिहीत नाही म्हणून कोणी वाचण्याची सोय करीना. शेवटी २००८ मध्ये १.० च्याच पाचव्या संस्करणात नावांचा नियम सैल केला. नंबर तोच राहिला आणि बदल आत गेला.

ई-बुकच्या ईपबचंही तसंच. २०१७ च्या ईपब ३.१ मध्ये पुस्तकाच्या पॅकेज फाइलमध्ये व्हर्जन म्हणून ३.१ लिहायचं ठरलं. प्रकाशकांकडे ३.० ची हजारो पुस्तकं तयार होती; ती पुन्हा बनवण्यात कोणाला रस नव्हता. २०१९ च्या ३.२ नं पॅकेजमधला नंबर परत ३.० केला, आणि २०२३ ची ३.३ ही तशीच राहिली. आज मराठी ई-पुस्तक बनवणाऱ्यानं त्या फाइलमध्ये ३.० पाहिलं तर ते जुनाट समजू नये; कागदपत्राची आवृत्ती वेगळी आणि फाइलमधली खूण वेगळी.

फाइलची रचना तीच आहे, फक्त तिचा अर्थ बदलतोय. नंबर वाढवायचा का?

हो, आणि इथे रचनेच्या बदलापेक्षाही जास्त जपून. रचना बदलली तर जुना प्रोग्राम अडखळतो, निदान कळतं तरी. अर्थ बदलला तर तो न अडखळता चुकीचं वाचतो. यामल या, सेटिंगच्या फाइलींत वापरल्या जाणाऱ्या फॉरमॅटच्या १.१ मध्ये अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेल्या इंग्रजी ‘नो’चा अर्थ ‘खोटं’ असा व्हायचा, त्यामुळे देशांच्या संकेतांच्या यादीतला नॉर्वेचा ‘एनओ’ही ‘खोटं’ म्हणून वाचला जायचा. २००९ च्या १.२ नं हा नियम बदलला. पण फाइलमध्ये आवृत्ती लिहिणं ऐच्छिक आहे आणि फारसं कोणी ती लिहीत नाही, म्हणून तीच फाइल दोन लायब्ररींत आजही दोन अर्थ देते.

याउलट देवनागरी फॉन्टांचं उदाहरण पाहा, ते आपल्या रोजच्या वाचनातलं आहे. ओपनटाइप फॉन्टमध्ये देवनागरीचे जोडाक्षरांचे नियम ‘डेवा’ या टॅगखाली असायचे. पुढे हलन्त आणि व्यंजन कोणत्या क्रमानं जुळवायचे याची पद्धत सुधारली. जुन्या टॅगचा अर्थ बदलला असता तर जुन्या फॉन्टांतली जोडाक्षरं मोडली असती. म्हणून ‘डेव्ह२’ असा नवा टॅग आला. जुन्या टॅगचे नियम जुन्या पद्धतीनं लागतात, नव्याचे नव्या, आणि एकाच फॉन्टमध्ये दोन्ही असू शकतात. जुन्या टॅगच्या फॉन्टांत मांडलेल्या मजकुराची अक्षरं त्यामुळे शाबूत राहिली. अर्थ बदलायचा असेल तर जुन्या नावाला धक्का लावू नका, नवं नाव द्या.

नंबर फाइलमध्ये कुठे ठेवायचा?

अगदी सुरुवातीला, ठरलेल्या जागी, आणि ती जागा पुढच्या कोणत्याही आवृत्तीत हलणार नाही अशी. आधी फॉरमॅटची सही, लगेच नंबर. फाइल आवळलेली किंवा एन्क्रिप्ट केलेली असेल तरी हा भाग उघडा ठेवा. नंबर वाचण्यासाठी आधी फाइल उलगडावी लागत असेल तर उलगडण्याची पद्धत तुम्हाला कधीच बदलता येणार नाही.

आणि एकाच ठिकाणी ठेवा. पीडीएफमध्ये पहिल्याच ओळीत व्हर्जन असतं, पण १.४ पासून ते कॅटलॉग नावाच्या आतल्या भागातही लिहिता येतं, आणि दोन्हींत जे नवं ते खरं. त्याला कारण आहे: पीडीएफमध्ये बदल फाइलच्या शेवटी जोडता येतात, तेव्हा पहिली ओळ बदलता येत नाही. तुमच्या फॉरमॅटमध्ये अशी गरज नसेल तर दोन जागांचा घोळ ओढवून घेऊ नका.

फाइलचं एक्स्टेन्शन बदलावं का?

जुन्या प्रोग्रामनं फाइल उघडायचा प्रयत्नही करू नये इतका बदल असेल तरच. ऑफिस २००७ मध्ये डॉकचं डॉकएक्स झालं तेव्हा आतली रचना मुळापासून वेगळी होती, एक झिप आणि तिच्यात एक्सएमएल. तिथे ते बरोबर होतं.

अनोळखी नंबर दिसला तर वापरणाऱ्याला काय दाखवायचं?

‘फाइल करप्ट आहे’ हे कधीही नाही. फाइल चांगली असते. तो संदेश वाचून माणूस घाबरतो, रिकव्हरीची सॉफ्टवेअरं शोधतो, कधी फाइल डिलीटही करतो. असं काहीतरी लिहा: ‘ही फाइल या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत तयार केली आहे. उघडण्यासाठी किमान ५.२ लागेल, तुमच्याकडे ४.८ आहे. फाइल सुरक्षित आहे, तिच्यात काहीही बदललेलं नाही.’

४.८ ला भविष्यातलं ५.२ कसं ठाऊक असेल? हेडरमध्ये मजकुराचं एक छोटं फील्ड ठेवा, आणि सेव्ह करणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरनं त्यात ‘किमान ५.२’ लिहावं. जुनं सॉफ्टवेअर ते फक्त दाखवेल. निर्णय मात्र पूर्णांकांवरच घ्या, या मजकुरावर कधीही नाही. कोणत्या सॉफ्टवेअरनं फाइल लिहिली ते नोंदवणंही उपयोगी पडतं. एसक्यूलाइटच्या हेडरमध्ये शेवटी बदल करणाऱ्या लायब्ररीचा नंबर असतो.

जुन्या आवृत्त्या किती काळ वाचत राहायचं?

कायम. १ वरून २, २ वरून ३ असे छोटे रूपांतराचे टप्पे लिहा आणि फाइल उघडताना त्यांतून क्रमानं न्या, म्हणजे जुना कोड गोठवून ठेवता येतो आणि बाकीच्या प्रोग्रामला नवीनतम रचनाच दिसते. प्रत्येक आवृत्तीच्या काही खऱ्या फाइली कोडबरोबर जपून ठेवा आणि दर बिल्डला त्या उघडून पाहा. एसक्यूलाइटच्या मंडळींनी २०५० पर्यंत साथ देण्याचा मनोदय जाहीर केला आहे. शाळेचे निकाल, जमिनीचे नकाशे, दवाखान्यातल्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरनं त्याहून कमी का ठेवावं, याला मला उत्तर सापडत नाही.

डेव्हलपमेंटच्या काळातल्या फाइलींचं काय?

त्यांना मोठा, वेगळा दिसणारा नंबर द्या, उदाहरणार्थ ९००० च्या पुढचा. बाहेर गेलेला प्रोग्राम त्या आपोआप नाकारेल. रिलीजच्या आदल्या दिवशी खरा नंबर लावा.

आमच्या फाइली नंबराशिवायच ग्राहकांकडे गेल्या आहेत. आता?

उशीर झालेला नाही. नंबर नसणं म्हणजेच आवृत्ती १, असं कागदपत्रात लिहून टाका. मग बाहेर गेलेला जुना प्रोग्राम अनोळखी गोष्टींपुढे कसा वागतो ते प्रत्यक्ष चालवून पाहा. जेसन किंवा एक्सएमएल असेल आणि तो अनोळखी फील्ड मुकाट्यानं टाकून देत असेल, तर नुसतं व्हर्जनचं फील्ड घालून तो थांबणार नाही. तो नवी फाइल उघडेल आणि सेव्ह करून मोडेल. तेव्हा त्याला ज्याच्याशिवाय पुढे जाताच येत नाही अशा एखाद्या फील्डचं नाव बदला, किंवा बायनरी फाइल असेल तर सही बदला, म्हणजे तो नक्की नाकारेल. हा बदल एकदाच करावा लागेल. त्याच आवृत्तीत वाचण्याचा आणि लिहिण्याचा किमान नंबर आत आणा, आणि नवं सॉफ्टवेअर पाठवताना ग्राहकांना कळवा की सगळ्या संगणकांवर ते एकाच दिवशी चढवायचं आहे, गोदामातल्यासकट.